आत्याचे पुस्तक आणि शहापूरचा छापखाना

वर्षश्राद्धाला वाटण्यासाठी स्मरणपुस्तिका छापून देणारे छापखाने बेळगावात पुष्कळ आहेत आणि त्यांच्या पुस्तिका एकमेकींसारख्याच दिसतात: मुखपृष्ठावर समई, आत हार घातलेला फोटो, मग नातवंडांची चार-चार ओळींची मनोगते. शहापुरातील ज्या छापखान्याबद्दल येथे लिहीत आहे, त्याने आमच्या आत्याचे पुस्तक वेगळ्या रीतीने केले. असे वेळखाऊ काम ते एका वेळी एकच घेतात आणि त्यामुळे नाव छापू नये, अशी मालकांची विनंती असल्याने ते येथे देत नाही.

आत्या नव्वदी ओलांडून गेली. माहेर व सासर दोन्ही खानापूर तालुक्यातले, यजमान, म्हणजे आमचे काका, मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार. बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये भरती झालेल्या माणसाच्या मागोमाग तिने फिरोजपूर, तेजपूर, नीलगिरीतील वेलिंग्टन अशी अनेक फॅमिली स्टेशने, म्हणजे कुटुंबाला सोबत राहता येते अशी ठाणी, पाहिली आणि जाईल तेथे चित्रे काढली. चित्रकलेचे शिक्षण नव्हते. कॅमलच्या रंगांच्या वड्या, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी आणि क्वार्टरच्या खिडकीतून दिसेल ते, एवढीच सामग्री. फिरोजपूरला ती शेजारणींकडून फुलकारी हे पंजाबी भरतकाम शिकली, आसामात मुगा रेशमाच्या धाग्याने भरू लागली आणि पुढे म्हातारपणी एकाच चादरीवर आपली कसुती, म्हणजे कर्नाटकी भरतकाम, व ती फुलकारी शेजारी शेजारी बसवण्याचे धाडस तिने केले. ते शोभले का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

हे सगळे साहित्य, म्हणजे काळ्या ट्रंकेतले कागद, आल्बम आणि पत्रांचे गठ्ठे, आतेभावांनी छापखान्यात नेले तेव्हा सोबत अनुक्रमणिकाही तयार करून नेली होती. ती काकांच्या बदल्यांच्या क्रमाने होती. प्रत्येक प्रकरणाला ठाण्याचे नाव आणि त्या वेळचा काकांचा हुद्दा. मालकांनी ती शांतपणे वाचली आणि विचारले, “हे पुस्तक सुभेदारांचं की आत्यांचं?” प्रश्न आगाऊ वाटावा असा होता, आणि थोरल्या आतेभावाला तो वाटलाही, परंतु पुढचे सगळे काम त्या एका प्रश्नावर उभे राहिले.

काकांची पलटण फिल्डमध्ये असे तेव्हा कुटुंबाला सोबत नेता येत नसे आणि आत्या मुलांना घेऊन गावी परत येई. बदल्यांच्या क्रमाने लावलेल्या पुस्तकात ती सगळी वर्षे कोरी पडली असती. मालकांनी मात्र चित्रे पत्रांशी जुळवून पाहायला सुरुवात केली, कारण आत्या काकांना लिहिलेल्या अंतर्देशीय पत्राच्या शेवटच्या घडीवर, मजकूर संपल्यावर उरलेल्या जागेत, हमखास काहीतरी काढत असे. पत्त्यात गावाचे नाव नसे. नुसती पलटण आणि ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ असा लष्करी टपाल कार्यालयाचा क्रमांक. परंतु पाठवणाऱ्या टपाल कार्यालयाचा शिक्का तारखेसह उमटलेला असे आणि काकांनी एकही पत्र टाकून दिलेले नव्हते. शिक्क्यांवरून चित्रांना तारखा मिळाल्या, तेव्हा असे दिसले की तिची सर्वांत जास्त आणि सर्वांत मोकळी चित्रे एकटीने गावी काढलेल्या वर्षांतली आहेत. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्याच्या मोहिमेसाठी बेळगावहून अनमोडच्या दिशेने निघालेल्या लष्करी गाड्यांची रांग तिने बैलगाडीवाल्याच्या पाठीमागून काढली आहे. गाड्या पुसट आणि बैलाचे वशिंड ठसठशीत. पुस्तकात आता बदल्यांचा तक्ता शेवटच्या पानावर आहे आणि तेवढा तो पुरतो.

तांत्रिक कामही तितक्याच जाणतेपणाने झाले. चिकट पानांच्या आल्बममधील फोटो पिवळ्या पडलेल्या गोंदात रुतले होते. ते ओढण्याऐवजी “काढूया नको काकी, फाटतंय ते,” असे मला बजावून मालकांच्या मुलाने सुटण्यासारखे फोटो बारीक नायलॉनच्या दोऱ्याने मागून सोडवले आणि बाकीच्यांचे पानावरच, फ्लॅश न वापरता, छायाचित्र घेतले. पातळ पत्रांवर मागच्या बाजूची शाई उमटते म्हणून स्कॅन करताना वर काळा कागद ठेवला. जलरंगांचे फिकट हात चकचकीत आर्ट पेपरवर कोरडे व भडक दिसत होते, तेव्हा त्यांनी स्वतःहून किंचित पिवळसर, न चकाकणारा कागद सुचवला आणि त्याच कागदावर नमुना काढून दाखवला. बांधणी शिवलेली असल्यामुळे दोन पानांवर पसरलेले ब्रह्मपुत्रेचे चित्र मधोमध गिळले जात नाही.

उणिवा आहेत आणि त्या सांगायला हव्यात. मराठी मुद्रितशोधनाची सोय त्यांच्याकडे जवळजवळ नाही. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये नेताना ‘किनाऱ्यावर’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतील अर्धा ‘र’ (ऱ्) ठिकठिकाणी मोडला होता आणि तो आम्हालाच ओळ न् ओळ तपासून दुरुस्त करून घ्यावा लागला. घरात शुद्धलेखन जाणणारे कोणी नसेल तर बाहेरचा माणूस आधीच ठरवून ठेवावा. वेळेचेही तसेच. पावसाळ्याच्या तोंडावर दिलेले काम दिवाळी उलटल्यावर हाती आले आणि वर्षश्राद्धाची तिथी निघून गेली. लग्नसराईत पत्रिकांची कामे आली की आपले पुस्तक मागे सरकते, हे ते लपवत नाहीत, पण आधी सांगतही नाहीत. दर पानागणिक असून स्कॅनिंग वेगळे धरतात, निम्मी रक्कम आगाऊ घेतात, आणि ऑनलाइन फोटोबुकांच्या मानाने एकूण खर्च बराच जास्त पडतो. त्या फोटोबुकांत पत्रांचे शिक्के वाचत बसणारा माणूस मिळत नाही, म्हणून मला तो रास्त वाटला.

मूळ कागद त्यांनी नव्या पाकिटांत घालून, क्रमांक टाकून परत केले आणि सर्व स्कॅन पेन ड्राइव्हवर दिले, त्यामुळे प्रती पुन्हा काढायच्या तर त्यांच्याकडेच जाण्याची सक्ती नाही. भरतकामाची छायाचित्रे मात्र त्यांच्याकडून काढून घेऊ नयेत: सरळ समोरून पडलेल्या उजेडात फुलकारीचा टाका सपाट दिसतो आणि रेशमाची झळाळी हरवते. ती तिरक्या उजेडात काढणाऱ्या छायाचित्रकाराकडून आधी करून घ्यावीत आणि मगच बाकीच्या साहित्याबरोबर द्यावीत.