कर्ली नदीत सात महिने गरवल्यानंतर: चार तुकड्यांचा रॉड आणि ४००० आकाराचे रील

गेल्या नोव्हेंबरात मी सात फुटी, चार तुकड्यांत सुटणारा स्पिनिंग रॉड, ४००० आकाराचे (मध्यम) रील आणि पाच ल्युअर, म्हणजे नकली आमिषे, असा संच घेतला आणि मे अखेरपर्यंत दोन मित्रांसोबत, जवळपास दर पंधरवड्याला, तो मालवणजवळच्या कर्ली नदीत तारकर्लीपासून देवबागच्या संगमापर्यंत वापरला. येथील पाणी मचूळ असून काठाला कांदळवन आहे. सुकती (ओहोटी) लागली की लहान मासे आणि कोळंबी मुळांमधून बाहेर पडतात आणि तेथेच तांबोशी व जिताडा, ज्याला गोव्यात चोणक म्हणतात, दबा धरून बसलेले असतात.

रॉडबद्दल मी मनापासून समाधानी आहे. हलका मिनोही (लहान माशाच्या आकाराचा ल्युअर) त्याने मुळांच्या वीतभर अलीकडे नेमका पडतो, आणि मासा लागल्यावर त्याला मुळांत शिरण्याआधी वळवण्याइतका दम रॉडच्या बुडाशी आहे. तासभर फेकल्यावर तुकड्यांचे सांधे किंचित ढिले होतात, म्हणून ते अधूनमधून पिळून घट्ट करावे लागतात.

खरी उणीव लहानसहान धातूच्या भागांत निघाली. फेब्रुवारीत एका सकाळी तांबोशीने मिनो घेतला आणि थेट मुळांकडे धाव घेतली. मी ड्रॅग, म्हणजे दोरी सुटताना तिला अडवणारा रीलचा ब्रेक, आवळला, रॉड मुठीपर्यंत वाकला आणि एकाएकी दोरी सैल पडली. दोरी गुंडाळून ल्युअर पाहिला, तर तिहेरी गरीचा एक काटा सुईसारखा सरळ झाला होता. त्याच दिवशी मित्राने त्याच्याकडच्या जाड गऱ्या आणि कड्या माझ्या ल्युअरला बसवून दिल्या. त्यानंतर एकही गरी उघडली नाही.

प्रत्येक फेरीनंतर रील गोड्या पाण्याने धूत असूनही मार्चमध्ये दोरी ज्यावरून वळते त्या रोलरचे बेअरिंग गंजून अडकले. खोक्यावर खाऱ्या पाण्यात चालते असे छापले असताना विक्रेत्याने वॉरंटी नाकारली, याचे मला अजूनही वाईट वाटते. बेअरिंग स्वखर्चाने बदलले. आता धुतल्यावर रील सावलीत वाळवतो आणि रोलरला तेलाचा एक थेंब देतो.

वीस पौंडांचा ताण सोसणारी वेणीची दोरी पुरेशी ठरली, पण तिच्या टोकाला चाळीस पौंडी लीडर, म्हणजे जाड दोरीचा तुकडा, हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी धारदार असते. एप्रिलमध्ये मिळालेल्या मोठ्या जिताड्याने लीडर असा खरवडला होता की बोटाला कुसळे लागत होती. हा मासा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे जिताडे बहुधा अंड्यावर येणाऱ्या माद्या असतात. आम्ही तिघांनी तो पाण्यातच धरून गरी काढली आणि शेपटी जोर धरेपर्यंत त्याला प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने तोंड करून ठेवले.

पावसात नदी गढूळ लोंढ्याने वाहते, म्हणून संच आता पुसून ठेवला आहे. ऑक्टोबरात रॉड हाच असेल, रील मात्र बंदिस्त बेअरिंगचे घेणार आहे.