गंगाकाठच्या योगकेंद्रात पाच महिने: खोली, कुलूप आणि ऋषिकेश

परत आल्यावर हिशेब मांडायला बसले. नदीकडच्या खोलीचे दिवसाला 300 रुपये जादा म्हणजे पाच महिन्यांचे 45 हजार. हा आकडा बघितला आणि मग लिहायलाच घेतलं.

केंद्र मुनी की रेतीच्या बाजूला आहे, राम झुल्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. दिनक्रम चोख. शिकवणारे जीव लावून शिकवतात. माझी कंबर आज जमिनीवर मांडी घालू देते, हे त्यांचं श्रेय. जेवण साधं, गरम, वेळेवर. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती कुलपाची. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘केंद्राचा स्वतःचा घाट’. घाट आहे, बारा-चौदा पायऱ्या आहेत, पण त्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप. मी जुलैअखेर पोचले. आपला श्रावण लागायचा होता. तिकडे महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे त्यांचा आधीच लागलेला, आणि गंगाजळाची कावड घेऊन नीलकंठ महादेवाला निघालेल्या कावडियांनी रस्ते भरलेले. अशा दिवसांत गंगेच्या काठी राहायचं आणि पाण्याला हात लावायचा नाही? पहिल्याच सकाळी मॅनेजरशी वाद घातला. ‘ऊपर से मना है,’ एवढंच उत्तर. रोज विचारायचे, रोज तेच.

ऑगस्टमध्ये एका पहाटे चौकीदाराने मला फाटकापाशी नेलं. पाणी मातकट, फोफावलेलं, आणि खालच्या पायऱ्या दिसतच नव्हत्या. ‘माताजी, कल शाम को सब सूखी थीं,’ तो म्हणाला. वर भागीरथीवर टिहरीचं धरण, त्याच्या खाली कोटेश्वर, अलकनंदेवर वेगळे प्रकल्प. पावसाचं पाणी निराळं, धरणांतून सोडलेलं निराळं. त्या दिवसापासून पावसाळ्यातल्या कुलपाबद्दल मी एक शब्द बोलले नाही. ते बरोबरच होतं. फक्त हे पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

पण ऑक्टोबर आला, पाणी उतरलं, हिरवं नितळ झालं, तरी कुलूप तसंच! आता म्हणे किल्ली कार्यालयात, कार्यालयातले म्हणे परवानगी लागते. मी लेखी अर्ज दिला, दर आठवड्याला जाऊन विचारलं. कार्तिकात एकदाचं सकाळी साडेपाच ते सात फाटक उघडायला लागलं. खोलीच्या जादा पैशांपैकी एका महिन्याचे 9 हजार परत मिळाले. बाकीचे गेलेच.

आता जे मला आधी कळलं नव्हतं ते सांगते. फाटक बंद म्हणून मी रोज पहाटे रस्त्याने चालत सार्वजनिक घाटावर जायचे. वाटेत शिवानंद आश्रम. तिथे ‘हरे राम हरे कृष्ण’ या महामंत्राचं कीर्तन 3 डिसेंबर 1943 पासून अहोरात्र चालू आहे. आधी दोन मिनिटं थांबायचे, मग अर्धा तास बसू लागले. 3 डिसेंबरलाही तिथेच होते.

आश्रमाचे संस्थापक स्वामी शिवानंद मूळचे तमिळनाडूतल्या पत्तमडईचे, मलायात डॉक्टरकी केलेले. 1924 मध्ये ऋषिकेशला येऊन संन्यास घेतला. डॉक्टरी मात्र सोडली नाही: 1927 मध्ये लक्ष्मण झुल्याजवळ साधू-यात्रेकरूंसाठी धर्मार्थ दवाखाना काढला. बद्री-केदारची यात्रा तेव्हा पायी, आणि वाटेवर काली कमलीवाल्या बाबांच्या परंपरेतल्या धर्मशाळा नि अन्नक्षेत्रं. त्यांनी काढलेला दिव्य जीवन संघ 1936 चा. नंतर मुंगेरला बिहार योग विद्यालय उभारणारे त्यांचे शिष्य सत्यानंद याच आश्रमात बारा वर्षं सेवेत होते. पायाला औषध लावणं, भाकरी देणं आणि आसन शिकवणं एकाच अंगणात चालायचं. माझ्या दृष्टीने या गावाचा वारसा हा आहे.

केंद्रात ‘आध्यात्मिक वारसा’ या नावाने दर शनिवारी तास असतो. त्यात ऋषिकेशचं कुब्जाम्रक हे जुनं नाव नाही, रैभ्य ऋषींच्या तपाची आणि हृषीकेश रूपात दर्शन देणाऱ्या विष्णूची कथा नाही, भरत मंदिर नाही. 1968 मध्ये महर्षी महेश योगींकडे बीटल्स हा इंग्लंडचा गाजलेला बँड आला, हे मात्र तीनदा ऐकलं. महेश योगींचा तो जुना आश्रम, चौरासी कुटिया, पलीकडच्या काठावर, राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. तिकीट काढून जरूर बघा, नदीच्या गोट्यांनी बांधलेल्या घुमटाकार कुट्या सुंदर आहेत. पण सुरुवात तिथून करू नका. एक दिवस काढून बद्रीनाथ रस्त्यावरच्या वसिष्ठ गुहेत जा, साधारण 25 किलोमीटर. आत अंधार, एक ज्योत, आणि बोलायची इच्छाच होत नाही.

एक गोष्ट मनात राहिली. वर्गात मूळबंध, जालंधर, उड्डियान हे योगातले तीन बंध शिकवले तेव्हा शब्द ओळखीचे वाटले. आजी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचायची, त्यातले ते. नाथपंथाचा हा ठेवा निवृत्तिनाथांकडून ज्ञानदेवांना मिळाला, आणि निवृत्तिनाथांची समाधी गोदावरीच्या उगमाशी, त्र्यंबकेश्वरी. गुरुजींना हे सांगितलं तर त्यांनी मला पुढच्या शनिवारचा तासच घ्यायला लावला. त्या दिवशी केंद्रावरचा माझा राग बराच उतरला.

पुन्हा जाईन, याच केंद्रात, पण ऑक्टोबरनंतर. तुम्ही जाणार असाल तर पैसे भरण्याआधी घाटाच्या वेळा लेखी मागा. खोली मागच्या अंगाची घ्या. 300 रुपये वाचतात, आणि थंडीत दुपारचं ऊन तिकडेच येतं.