स्पेस कॉलनीचे पोस्टर छापून घेतले, ३ स्टार

हे ३ स्टार पण चित्रांमुळेच देतोय, छपाईला दीड.

पुतणीचा शाळेत स्पेस सेटलमेंटवर प्रोजेक्ट आहे, म्हटलं तिच्या टेबलासमोर नासाची ती जुनी पेंटिंग्ज लावू. १९७५ च्या उन्हाळ्यात नासाचं एम्स सेंटर आणि स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी यांनी मिळून दहा आठवडे बसून डोकं लावलं होतं की माणसाला कायमचं अवकाशात राहायचं तर घर कसं बांधायचं. त्या सगळ्या कल्पनांची चित्रं डॉन डेव्हिस आणि रिक गुइडिस यांनी काढली, फायली नासाच्या साइटवर फुकट मिळतात. म्हणजे दुकानदाराने फक्त छापायचं. तीन ए-टू, मॅट, ८४० रुपये.

घरी आणून गुंडाळी उघडली तर आई म्हणते, "हे महाबळेश्वरचं रिसॉर्ट का रे?"

चूक तिची नाहीच. हे चित्र होतं स्टॅनफर्ड टोरसच्या आतलं. टोरस म्हणजे मेदूवड्यासारखं कडं, १.८ किलोमीटर व्यासाचं, मिनिटाला एक गिरकी घेणारं, आत १०,००० माणसं. गिरकीमुळे बाहेरच्या भिंतीवर पृथ्वीएवढं वजन जाणवतं, तीच जमीन. एवढं मोठं कशाला, तर छोटं केलं की तेवढ्याच वजनासाठी जोरात फिरवावं लागतं, ५० मीटर त्रिज्या घेतली तर मिनिटाला चार गिरक्या, मग लोकांना एसटीच्या घाटासारखं मळमळणार. सकाळी वॉकला निघालात की साडेपाच किलोमीटर सरळ चालत पुन्हा आपल्याच दारात, वळायची गरजच नाही. आणि हे सगळं त्या चित्रात एकाच गोष्टीने कळतं, लांबवर घरं-झाडं-पाणी सगळं घेऊन जमीन वर चढत जाते. नेमका तोच भाग कापलेला! विचारलं तर म्हणे "साइज बसत नव्हता सर, वरून थोडं घेतलं." अरे थोडं काय, तेवढंच तर चित्र होतं.

दुसरं ओनीलच्या सिलिंडरचं. प्रिन्स्टनचे फिजिक्सचे प्रोफेसर जेरार्ड ओनील, १९७४ ला त्यांनी ही आयडिया लेख लिहून मांडली होती. ३२ किलोमीटर लांब नळकांडं, जमिनीचे तीन पट्टे आणि मधे तीन पट्टे काचेचे, बाहेरच्या आरशांतून ऊन आत. चित्रात एक झुलता पूल आहे, त्याच्यावरून बाकीचा आकार किती अवाढव्य ते डोक्यात शिरतं. हे मात्र झकास आलंय, ढगसुद्धा फाटले नाहीत. तिसरं बाहेरून दिसणारं कडं, त्यात अवकाश काळं पाहिजे ते शेवाळी आलंय.

चित्रांबद्दल पण एक तक्रार आहे. हिरवळ, टुमदार घरं बघून वाटतं सगळा खर्च लँडस्केपिंगचा. खरं तर टोरसचं वजन साधारण १ कोटी टन आणि त्यातलं जवळजवळ सगळं म्हणजे रेडिएशन अडवायला भोवती लावलेला चंद्राच्या मातीचा थर. ती माती चंद्रावरून विजेच्या जोरावर भिरकावून आणायची असा प्लॅन होता. पण आतून काढलेल्या चित्रात हा थर कुठून दिसणार? बिल्डरच्या ब्रोशरमधे पाण्याची टाकी कधी दिसते का, तसंच. पुतणी म्हणाली, "काका, मी प्रोजेक्टमधे आधी मातीच काढणार."

दुकानदाराने पहिला पोस्टर परत छापून दिला, पैसे घेतले नाहीत, कुरकुर मात्र भरपूर. कोणाला छापायचं असेल तर आधी व्हॉट्सॲपवर प्रूफ मागा, आणि पांढरी पट्टी राहिली तरी चालेल पण क्रॉप करू नका असं स्पष्ट सांगा. नवीन प्रिंट आईला दाखवली, पाच मिनिटं बघत होती, मग म्हणाली, "पाणी मागे वाहून येत नाही का?"