विमान-अंतर कॅल्क्युलेटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन शहरांची नावं टाकली की हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे बरेच कॅल्क्युलेटर आहेत. कित्येक महिने वापरल्यावरचं मत: अंतर चोख, वेळ मात्र अंदाजपंचे.

अंतर पृथ्वीगोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने काढलेलं असतं. न्यूयॉर्क–टोकियोची रेघ नकाशावर पार अलास्काकडे वळलेली दिसते ती बरोबरच असते. फसवतो तो सपाट नकाशा. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तोही तिकडूनच जातो. पृथ्वी पूर्ण गोल धरल्याने जास्तीत जास्त अर्धा टक्का चूक येते. १०,००० किमीमागे ५० किमी, म्हणजे तीन-चार मिनिटं. सोडून द्या. एकक मात्र तपासाच. साधा मैल १.६०९ किमी, सागरी मैल १.८५२ किमी. लंडन–न्यूयॉर्क साधारण ५,५५० किमी म्हणजे ३,४५० साधे मैल, पण सागरी मैल जेमतेम ३,०००.

वेळेचा हिशेब बहुतेक ठिकाणी एकच: अंतर भागिले ताशी ८००-९०० किमी, अधिक अर्धा तास. यात वारा नाहीच. दहा-बारा किमी उंचीवरचा जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोराने. म्हणून लंडनहून न्यूयॉर्कला जाताना वेळापत्रकात आठ तासांच्या आसपास आणि परतताना सातच्या आसपास दिसतात. शहरांची अदलाबदल करा. वेळ जराही हलली नाही तर त्या आकड्यावर विसंबू नका.

बंद हवाई हद्दही त्यात धरलेली नसते. हेलसिंकी–टोकियो अंतर सुमारे ७,८०० किमी, त्यामुळे उत्तर येतं सव्वानऊ ते सव्वादहा तास. २०२२ पासून रशियावरून जाता येत नसल्याने युरोपीय विमानं वळसा घालतात आणि तेरा तासांच्या आसपास लागतात.

खरी वेळ हवी तर वेळापत्रकच उघडा. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते, म्हणून दोन्ही यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणून वजाबाकी करा. लंडनहून ११ ला निघून न्यूयॉर्कला १४ ला उतरलं तर प्रवास तीन नव्हे, आठ तासांचा. मार्चमध्ये जपून: अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दिवसांत लंडन–न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चार तास. ऑकलंडहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला दुपारी उतरतं; तिथे यूटीसीत न आणता वजाबाकी केली तर उत्तर उणे येतं. आणि ही वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीपर्यंतचं रांगणं धरून.

शहराऐवजी विमानतळ निवडा; टोकियोचा नारिता शहरापासून ६० किमीवर आहे. थांबा असेल तर दोन्ही टप्पे वेगळे टाकून मधला वेळ हाताने मिळवा. लंडन–सिडनीच्या १७,००० किमीला एका दमात साडेएकोणीस ते पावणेबावीस तास दाखवतात, एका थांब्यासह वेळापत्रकात बावीस ते चोवीस असतात.