घरांचा अभ्यास: पुण्याची सल्लागार संस्था की गावातलीच माणसं?

बीडकडच्या एखाद्या नगरपरिषदेला घरांची गरज आणि घर मिळण्यातला भेदभाव तपासायचा आहे, असं धरू. निविदा काढून पुण्या-मुंबईची सल्लागार संस्था नेमता येते, किंवा आशाताई (घरोघरी जाणाऱ्या आशा आरोग्यसेविका), बचत गटाच्या बाया आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्याकडून पाहणी करून घेता येते. तुळजापुरात टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, म्हणजे मार्गदर्शक शोधायला लांब जायला नको.

सल्लागार संस्थेचं काम नेटकं असतं: नकाशे, नमुना निवड, वरच्या कार्यालयात चालेल असा अहवाल. पण पाहणी दिवाळीनंतर लागली, तर निम्म्या वस्तीला कुलूप. माणसं ऊसतोडीला गेलेली, परतणार गुढीपाडव्याच्या आसपास. कागदावर ‘घर बंद’, आणि गरज शून्य! आशाताईला मात्र कुठल्या घरात म्हातारी नातवंडं सांभाळत बसलीय, हे पाठ असतं.

स्थानिकांची अडचण वेगळी. ‘आडनाव काय?’ विचारून खोली नाकारणारा घरमालक त्यांचाच शेजारी. दलित, मुसलमान किंवा एकटी बाई त्यांच्यापुढे मोकळं बोलेलच असं नाही. तिथं परका माणूस बरा.

तरी सगळंच परक्यावर सोडून चालत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर सरळ रस्त्यांची नवी गावं वसली. वाड्याची ओसरी आणि गल्लीतला शेजार त्या आखणीत मावला नाही.

माझं मत? दारोदारची पाहणी गावाकडे, तीही पावसाळ्यात. भेदभावाच्या मुलाखती आणि आकड्यांची फेरतपासणी तेवढी बाहेरच्यांकडे. अन् करारात एक अट हवीच: अहवाल मराठीत.