ओट्यात बसवायची इलेक्ट्रिक शेगडी आणि ओव्हन : मशीनला ४ स्टार, बसवून देणाऱ्या वायरमनला पूर्ण ५

माझ्या आईला वास येत नाही. कोरोनात गेला तो परत आलाच नाही. भाजी करपली तरी तिला कळत नाही, आणि मागच्या दिवाळीच्या आधी एकदा गॅसचं बटण अर्धवट बंद राहिलं, मी वावरातून आलो तं दारातच वास आला आणि आई आत निवांत लसूण सोलून राहिली होती. सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम वासाचं द्रव्य टाकतात, पण ज्याला तोच वास येत नाही त्याला त्याचा काय उपयोग. वरून हा गॅस हवेपेक्षा जड, वरची खिडकी उघडी असली तरी खाली फरशीलगत साचून राहतो. त्या दिवशी ठरवलं की स्वयंपाकघरातून गॅस काढायचा.

आमचं गाव वरुड तालुक्यात, संत्र्याचा पट्टा. घरावर ३ किलोवॅटचं सोलर आधीच बसलं होतं, पीएम सूर्यघर योजनेतलं, ७८ हजार सबसिडीवालं, त्यामुळे विजेवर स्वयंपाक परवडेल असं वाटलं. अमरावतीहून ओट्यात बसवायची दोन चुलींची काचेची शेगडी घेतली, ३७०० वॅटची, त्यात एक चूल इंडक्शनची आणि एक साध्या तापणाऱ्या कॉइलची. मुद्दाम अशी घेतली कारण आईचे गंज (पातेली) अर्धे जर्मनचे म्हणजे ॲल्युमिनिअमचे आहेत आणि दोन पितळेचे, ते इंडक्शनवर चालत नाहीत, तिथं चुंबक चिकटेल असाच बूड लागतो. कॉइलवर कोणतंही भांडं चालते, फक्त बूड सपाट पाहिजे. आणि शेगडीच्या खाली बसणारा ओव्हन, २८०० वॅटचा, तो बहिणीच्या हट्टानं.

आता मुख्य गोष्ट. दुकानातून जो पोरगा फिटिंगला आला (दुकानाचं नाव लिहीत नाही, पोरगा नवीन होता) त्यानं फ्रिजच्या मागचा १६ अँपिअरचा बोर्ड पाहिला आणि म्हणाला इथंच पिन लावून देतो, ओव्हनसाठी मल्टीप्लग टाका. मी हो म्हणणारच होतो. पण मोटरीच्या स्टार्टरची कामं करून करून एवढं समजते की वॅटला व्होल्टेजनं भागलं की अँपिअर निघतात, ३७०० भागिले २३०, म्हणजे १६ च्या थोडं वर. म्हणजे एकटी शेगडीच त्या बोर्डाच्या मर्यादेबाहेर, वरून ओव्हनचे १२, सोबत फ्रिज, आणि मागची वायर कोणती तं वडिलांच्या काळातली बारीक ॲल्युमिनिअमची. १६ च्या बोर्डावर गिझर चालतो खरा, पण तो दहा मिनिटं चालून बंद होतो, स्वयंपाक दीड-दोन तास चालतो. एवढा वेळ वायर तापत राहिली की आधी जोड तापतो, मग प्लास्टिक वितळते, मग आग, आणि जळण्याचा वासही माझ्या आईला येणार नाही. मी त्या पोराला चहा पाजून परत पाठवलं.

मग मोर्शीकडच्या एका वायरमनला बोलावलं, पन्नाशीचा माणूस, हा रिव्ह्यू खरं तं त्यांच्यासाठीच आहे. त्यांनी शेगडीचा खोका उघडलाच नाही. आधी पिशवीतून व्होल्टेज मोजायचा मीटर काढला आणि बोर्डातल्या फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रलमधलं (करंट परत नेणारी तार) व्होल्टेज पाहिलं, २२८. मग फेज आणि अर्थिंगमधलं (बिघाडाचा करंट जमिनीत सोडणारी तार) पाहिलं, १४० च्या आसपास. मला म्हणाले, "भाऊ, हे दोन आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. तुमच्याकडे अर्थिंग नावालेच हाय." मागं अंगणात जाऊन पाहिलं तं जुन्या अर्थिंगचा पाइप वरूनच गंजून तुटलेला, आणि भोवतीच्या काळ्या मातीला हातभर भेगा. त्यांनी समजावून सांगितलं की काळी माती ओली असली की करंट छान ओढते, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ती आकसते, पाइपापासून सुटते आणि अर्थिंग मरते. म्हणजे पावसाळ्यात चांगली निघालेली अर्थिंग उन्हाळ्यात कामाची राहीलच असं नाही. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं बाप्पा, इतकी वर्षं याच मातीत राहून.

मी म्हटलं अर्थिंग पुढच्या आठवड्यात करू, आज शेगडी तं चालू करून द्या. ते म्हणाले, "नाई. अर्थिंग नाई तं मशीन नाई. मावशी ओल्या हातानं, उघड्या पायानं उभ्या राहतील, लोखंडी गंज धरून. मी हे असं चालू करून देत नसतो." आणि खरंच पिशवी उचलून निघाले. मला त्या वेळी राग आला होता, आता नाही.

चार दिवसांनी आले. नऊ-दहा फूट खड्डा, त्यात जीआयचा पाइप, थरावर थर कोळसा आणि मीठ, वरून पाणी टाकायला फनेल आणि सिमेंटची कुंडी. शेवटी टेस्टरनं अर्थिंगचा अडथळा (रेझिस्टन्स) मोजून दाखवला, ३ ओहमच्या आत, जितका कमी तितका चांगला. उन्हाळ्यात दर आठ दिवसांनी त्यात बादलीभर पाणी टाका म्हणाले, आता ते काम आईच्या नातीकडं आहे, तुळशीला घालते तेव्हाच तिथंही घालते.

त्यानंतर वायरिंग. मीटरपाशीच्या बोर्डापासून स्वयंपाकघरापर्यंत दोन वेगळ्या लायनी, एक शेगडीची, एक ओव्हनची, दोन्ही ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या, आयएसआय मार्कवाल्या, मध्ये कुठंच जोड नाही. प्रत्येकीला २० अँपिअरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि तिच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपल्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात. मी विचारलं एमसीबी असताना हा खर्च काहून, तं त्यांचं उत्तर मी आता सगळ्या गावाला सांगतो. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. तुमच्या अंगातून अर्धा अँपिअर गेला तरी २० अँपिअरच्या एमसीबीला पत्ता लागत नाही, आणि माणूस त्याच्या कितीतरी कमीत जातो. आरसीसीबी जाणारा आणि येणारा करंट तोलत राहतो, ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत बंद. त्यावर टी लिहिलेलं बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं, पडला तं चांगला, नाही पडला तं बदला.

इथं एक गोष्ट थांबून सांगतो कारण यात जीव जाऊ शकतो. माझा भाचा अमेरिकेत आहे, त्यानं हौसेनं तिथल्या फिटिंगचे व्हिडिओ पाठवले होते. तिकडं पुष्कळदा ओव्हन आणि वरच्या चुली एकाच डब्यात येतात, त्यातला एक प्रकार ओट्याच्या खाचेत बसवतात, जमिनीला टेकत नाही, आणि त्याला ४० नाहीतर ५० अँपिअरची वेगळी लाइन असते. पाहायला छान. पण तिथं काळी वायर म्हणजे जिवंत फेज आणि पांढरी म्हणजे न्यूट्रल. आपल्या घरच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल! आणि आमच्या शेगडीची जी वायर कंपनीतून आली तिच्यात तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग, आणि आपल्याकडे थ्री फेजवाल्यांना (ज्यांच्याकडे एकाऐवजी तीन जिवंत तारा येतात) निळी म्हणजे तिसरा फेज माहीत. तीन तऱ्हांचे रंग डोक्यात, एकाच स्वयंपाकघरासाठी. वायरमननं रंगावर विश्वास ठेवलाच नाही, प्रत्येक तार मीटर लावून ओळखली आणि टोकाला टेप लावून लिहून ठेवली. व्हिडिओ पाहून स्वतः जोडायला जाऊ नका, हात जोडून सांगतो.

घराचा मंजूर भार आधी एवढ्यासाठी कमी होता, महावितरणकडे अर्ज करून वाढवून घेतला, थ्री फेज झालं. त्यात शेगडी एका फेजवर, ओव्हन दुसऱ्यावर. थ्री फेजवाल्यांनी न्यूट्रलचा जोड पक्का आहे ना ते नक्की पाहावं, कारण न्यूट्रल सुटला की २३० ची वस्तू ४१५ पर्यंत खाऊ शकते, आमच्या शेजारी असंच एकदा टीव्ही आणि कूलर सोबत गेले होते. मीटरजवळचा आमचाही स्क्रू ढिलाच निघाला.

ओटा कापायचं काम ग्रॅनाइटवाल्याचं. तो काचेचं माप घेऊन तेवढंच भोक पाडणार होता! काच ५९ बाय ५२ सेंटिमीटर, आणि पुस्तिकेत भोकाचं माप ५६ बाय ४९. काच काठावर टेकली पाहिजे ना, नाहीतर सरळ खाली ओव्हनवर. वायरमननंच खोक्यातला कागदी साचा काढून ओट्यावर चिकटवला. चारही कोपऱ्यांना आधी गोल भोक पाडून मग मधली रेघ कापायची, टोकदार कोपरा ठेवला की पुढं तिथूनच तडा जातो. पुढच्या बाजूला दगडाची पट्टी बारीक राहत होती म्हणून खालून लोखंडी अँगल दिला. कापताना पाणी मारत राहायचं आणि तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावायचाच, ती धूळ छातीसाठी वाईट. काचेखाली जी फोमची पट्टी येते ती चारही बाजूनं सलग लावली, सिलिकॉननं चिकटवली नाही, कारण उद्या दुरुस्तीला काढायची झाली तं काच फुटते. आमच्याकडे ओटा तांब्यानं पाणी ओतून धुवायची सवय, ती आता बंद, ओल्या फडक्यानं पुसायचं. आईला हे सर्वात जड गेलं.

खाली मोकळी हवा लागते, शेगडीचा पंखा गरम हवा खालीच फेकते, म्हणून मागच्या फळीला खाच ठेवली. तेलाचा डबा, काडेपेटी, प्लास्टिकच्या पिशव्या त्या कप्प्यात नाही. आणि उंदीर. शहरातल्या रिव्ह्यूत हे कोणी लिहीत नाही. कापणी झाली की उंदीर घरात येतात आणि त्यांना वायरीचं आवरण कुरतडायला लय आवडते. सगळी वायर पाइपातून, आणि जिथं पाइप फर्निचरमध्ये शिरतो तिथं बारीक लोखंडी जाळी.

३२ अँपिअरचा डबल पोलचा स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा) ओट्याच्या बाजूला, आईच्या हाताला येईल असा. शेगडीच्या मागच्या भिंतीवर द्यायला मी सांगत होतो, त्यांनी नाही म्हटलं, उकळत्या गंजावरून हात नेऊन स्विच बंद करायचा असतो का.

वापरून चार महिने झाले. वरण, भाजी, दूध, चहा सगळं होते, इंडक्शनवर पाणी गॅसपेक्षा लवकर उकळते. झुणका कॉइलवरच चांगला होते, आच हळू कमी होते म्हणून सराटा फिरवायला वेळ मिळतो. भाकर तव्यावर भाजल्या जाते पण आचेवर टाकून फुगवायची मजा नाही, जाळी ठेवून पाहिली, ठीकठाक. रोडगे अर्थातच मागं अंगणात गोवऱ्यांवर, त्याला पर्याय नाही आणि शोधायचाही नाही. एक स्टार कापला तो दोन कारणांनी. कॉइल बंद केली तरी काच बराच वेळ चटका देईल इतकी गरम राहते, एच असं अक्षर दिसत राहते पण आईला चष्म्याशिवाय ते दिसत नाही, मोठं पाहिजे होतं. आणि रब्बीत ओलिताच्या मोटरी चालू झाल्या की कधी व्होल्टेज १७० ला येते, तेव्हा शेगडी बीप करून बंद पडते. लाइन गेली की सोलर असूनही चालत नाही हेही ध्यानात घ्या, बॅटरी नसलेलं सोलर लाइन गेली की स्वतःच बंद होते, खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक लागू नये म्हणून. त्या वेळेसाठी मागची चूल आहेच.

अर्थिंग, वायर, आरसीसीबी, मजुरी धरून १९ हजारांच्या जवळ गेले, शेगडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर. घरात बोलाचाली झाली त्यावरून. मी म्हटलं दिवाळीच्या आधीचा तो दिवस आठवा, मग कोणी काही बोललं नाही.

वायरमनबद्दल तक्रार एकच, फोन उचलत नाहीत आणि लग्नसराईत मिळत नाहीत. नाव-नंबर इथं टाकू नका असं त्यांनीच सांगितलं. वरुड-मोर्शीकडं कोणाला काम असेल तं मला मेसेज करा, त्यांना विचारून कळवतो, पण ते आले की आधी मागच्या अंगणातच जातील, तिथलं गवत तेवढं साफ करून ठेवा.