टेक्स-मेक्स हॉटेल: फहिता झकास, पाटी अर्धवट

टेक्ससमधल्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय, विशेषतः ज्यांच्याकडे पिस्तुलाचं लायसन्स आहे त्यांच्यासाठी. रात्री उशिरा दुकान बंद करून गल्ला घेऊन घरी यावं लागतं, म्हणून मीही ते काढलंय.

ह्यूस्टनबाहेर फ्रीवेलगतचं हे हॉटेल मुलाबाळांना घेऊन जावं असं आहे. बिडाच्या तापल्या तव्यावर चरचरत येणारा चिकन फहिता सुरेख. रिफ्राइड बीन्समध्ये कधीकधी डुकराची चरबी असते, शाकाहाऱ्यांनी विचारून मागवा.

पण मुख्य सांगायचंय ते दारावरच्या पाटीबद्दल. इथे ‘३०.०६’ ची, म्हणजे टेक्ससच्या दंडसंहितेतल्या त्या क्रमांकाच्या कलमाची पाटी आहे, म्हणजे लायसन्स असलं तरी लपवलेलं पिस्तूल आत न्यायचं नाही. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, इंचभर उंच अक्षरांत, कायद्याला हवी तश्शी. बरेच दुकानदार पिस्तुलावर फुली मारलेलं नुसतं चित्र डकवतात. ते लायसन्सवाल्याला कायद्याने बांधत नाही आणि मग दारात वाद होतात. इथल्या मालकाने आपला हक्क नीट बजावलाय. जागा त्याची, नियम त्याचा. मला मान्य आहे.

खोट आहे ती पॅटिओच्या, म्हणजे बाहेर उघड्यावर बसायच्या जागेच्या दाराला. पार्किंगमधून निम्मे लोक तिथूनच येतात आणि तिथे पाटीच नाही! परवा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाचा शर्ट वर सरकला आणि कमरेचं होल्स्टर दिसलं. मॅनेजरबाई आल्या, खुर्चीशी वाकून हळूच बोलल्या. तो म्हणाला, ‘मी त्या दाराने आलो, तिथे काहीच लिहिलेलं नाही.’ बाईंनी आधी माफी मागितली, मग नियम सांगितला. पाटी डावलली तर २०० डॉलरपर्यंत दंड, पण तोंडी सांगूनही बाहेर पडलं नाही तर वर्षभरापर्यंत तुरुंग होऊ शकतो. तो मुकाट्याने उठला, पिस्तूल ट्रकमध्ये कुलूपबंद करून आला. तोवर त्याची प्लेट किचनमध्ये गरम ठेवली होती. आमच्या मुलांना यातलं काही कळलंही नाही. चारचौघांत त्याचा पाणउतारा केला असता तर प्रकरण कुठे गेलं असतं कोण जाणे.

वेबसाइटवरही हा नियम लिहायला हवा. गाडीत ठेवलेली पिस्तुलं इथे सर्रास चोरीला जातात आणि पुढे कुणाच्या हाती पडतील सांगता येत नाही. आधी कळलं तर माणूस ते घरच्या तिजोरीतच ठेवून निघेल.

जेवणाला पाच तारे, मॅनेजरबाईंना पाच, पॅटिओच्या दाराला दोन. तिथे पाटी लावा, असं बिल देताना त्यांना सांगून आलोय.